ओव्या मी पुसल्या

जिल्ह्यातल्या फोटोग्राफरांच्या संघटनेनं यंदा मला जीवनगौरव द्यायचं ठरवलं आणि साताऱ्याच्या समारंभात वाटायच्या स्मरणिकेत माझ्यावर दोन पानं लिहिली. छापायला जाण्याआधी एकदा नजरेखालून घाला, म्हणून अध्यक्षांनी ती माझ्या मोबाइलवर पाठवली. मी दुकानात त्यांची प्रिंट काढली. कागदावर आल्याशिवाय मला काही समजत नाही, ही माझी जुनी खोड आहे, आणि तिचा पुढं संबंध येणार आहे.

पहिलं पान ठीक होतं. रिळाच्या कॅमेऱ्यापासून सुरुवात, वडूज भागातलं पहिलं व्हिडिओ शूटिंग वगैरे. दुसऱ्या पानावर मधोमध हे होतं : ‘एका सहकारी महिलेच्या हातून अत्यंत मौल्यवान चित्रीकरण कायमचं पुसलं गेलं. काकांनी तिला एका शब्दानंही न दुखावता माफ केलं. असं मोठं मन आज दुर्मीळ आहे.’

मी लाल पेन घेतलं, त्या ओळींवर फुली मारली आणि खाली लिहिलं, ‘खोटं आहे. ते चित्रीकरण मी पुसलं.’ त्याचा फोटो काढून अध्यक्षांना परत पाठवला. पाच मिनिटांत फोन आला.

“काका, हे काय पाठवलंय?”

“अक्षर लागत नाही का माझं?”

“लागतंय हो. पण आता कोण विचारतंय? सहा वर्षं झाली. शाल घ्या, नारळ घ्या, निवांत घरी जा.”

“त्या बाईंना सहा वर्षं कुणी ओरिजिनल शूटिंग हातात देत नाही. का, तर त्यांनी आमच्याकडं पुसलं म्हणून. आणि आता तुम्ही ते छापून वाटणार.”

“मग ओळच काढून टाकू. विषय संपला.”

“काढू नका. दुरुस्त करा.”

मग ते म्हणाले, “तांत्रिक कारणानं पुसलं गेलं, असं करू?”

“तांत्रिक कारण म्हणजे मी.”

ते हसले. त्यांना वाटलं म्हातारा विनोद करतोय. म्हणून मी सगळं इथं लिहितोय, पहिल्यापासून. ज्यांना अडचण वाटेल त्यांनी पान उलटावं.

त्या बाईंना मी ताई म्हणायचो आणि त्या मला काका म्हणायच्या. माहेर सांगलीजवळ माधवनगर, वडील तिथल्या कापडगिरणीत कामाला होते. लग्नाआधी त्यांनी सांगलीत एडिटिंग शिकलं होतं. नवरा फौजेत, म्हणून त्या सासू-सासऱ्यांजवळ वडूजला राहायच्या. माझ्या दुकानात आल्या तेव्हा मी लग्नाच्या व्हिडिओत नवरा-नवरीला अजून गुलाबाच्या पाकळ्यांमधून बाहेर काढत होतो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या पाकळ्या बंद केल्या.

“काका, त्या पोरीचा चेहराच एवढा छान आहे. पाकळ्या कशाला?”

मला राग आला होता. गिऱ्हाइकाला मात्र ते लग्न इतकं आवडलं, की त्यांनी पाहुण्यांकडची तीन कामं दिली.

दुकानात दोन कॉम्प्युटर. एक माझा, काउंटरजवळ. दुसरा ताईंचा, काचेच्या आत. आणि एक नियम होता, तो मीच घातलेला. शूटिंग करून आलं की कार्डावरचं सगळं दोन्ही कॉम्प्युटरवर उतरवायचं. एक प्रत माझ्याकडं, एक ताईंकडं. माझ्याकडची जागा भरली की मी माझी प्रत पुसायची, ताईंकडची राहायची. आपलं पुसावं, दुसऱ्याचं ठेवावं. या नियमामुळं आमच्या दुकानातून कधी कुणाचं लग्न हरवलं नाही, आणि मी ते येईल त्याला सांगायचो.

पुढं कॅमेरे मोठे झाले, फाइली जड झाल्या. एक लग्न इकडून तिकडं उतरवायला अर्धा दिवस जायला लागला. ताई म्हणाल्या, “काका, दोन्ही कॉम्प्युटरला मिळून एकच साठा घेऊ. मी आत कापत बसेन, तुम्ही बाहेर गाणी लावा. फोल्डर तेच. उतरवाउतरवी बंद.”

सांगलीहून एक तंत्रज्ञ आला आणि टेबलाखाली एक काळी पेटी ठेवून गेला. तिच्यातून एक वायर माझ्या कॉम्प्युटरला, एक ताईंच्या. आम्ही तिला डबा म्हणायला लागलो. जाताना त्यानं पेटीचं झाकण उघडून दाखवलं. “यात दोन डिस्क हायत काका. एकीवर जे जाईल ते आपोआप दुसरीवर. एक बंद पडली तरी दुसरी हाय.”

मी मान हलवली. माझ्या डोक्यात चित्र पक्कं बसलं : दोन डिस्क, म्हणजे एक माझी आणि एक ताईंची. उतरवायचं कष्टाचं काम तेवढं डबा आपण होऊन करतो. खरी गोष्ट अशी, की त्या दोन्ही डिस्क मिळून एकच प्रत होती. एकीवर घातलं की दुसरीवर जायचं, तसं एकीवरचं पुसलं की दुसरीवरचंही जायचं. हे मी त्याला विचारलं असतं तर त्यानं अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. ताईंना विचारलं असतं तरी चाललं असतं. पण तालुक्यातला सगळ्यात जुना फोटोग्राफर मी. मी कुणाला काय विचारणार?

आता ओव्यांबद्दल. म्हसवडच्या पुढच्या एका वाडीतला एक माणूस दुकानात आला. पूर्वी घरात मेंढरं, आता डाळिंबाची बाग. म्हणाला, “आमचा बा ओव्या म्हणतो. लोकांच्या लग्नातनं, जागरणातनं सगळीकडं म्हणतो. पण त्याच्या सवताच्या बी हायत. कुटं कुटं मेंढरं घेऊन फिरला, कुटल्या गावानं पाणी दिलं, कुटल्या गावानं कुत्री सोडली, सगळं हाय त्यात. त्याच्या डोस्क्यात हाय तवर तुमच्या डब्यात भरून ठिवा.”

मी आणि ताई तीन दिवस गेलो. म्हातारा घोंगडीवर बसायचा, मागं वाघूर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, त्यात उरलीसुरली दहा-बारा मेंढरं. पहिल्या दिवशी त्यानं कॅमेऱ्याच्या भिंगाकडं बोट केलं. “ह्या काचंला कळतंय व्हय माजं गाणं?”

ताई म्हणाल्या, “काचेला नाही आजोबा, मला कळतंय.”

“मग तुज्याकडं बगून म्हणतो. ह्यो बाबा नुसता डोळा मिटून हुबा ऱ्हातोय.”

ह्यो बाबा म्हणजे मी. तीन दिवस तो ताईंकडं बघूनच गायला. मी इतकी वर्षं शूटिंग केलं, पण माणूस असा कॅमेऱ्याला विसरलेला मी दुसरा पाहिला नाही.

दोन महिन्यांत म्हाताऱ्याला अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. मुलगा दुकानात येऊन म्हणाला, “आता बा बोलत न्हाई. तुमच्याकडं हाय तेवढंच हाय. दमानं करा, पर नीट करा.” म्हणून ताई ते दमानंच करत होत्या. लग्नांची कामं उरकून रोज तासभर ओव्या.

मग लग्नसराई आली. डबा भरत आल्याचा इशारा माझ्या स्क्रीनवर यायला लागला. त्या सकाळी मी ताईंना सांगितलं, तुमच्या कामात तयार झालेल्या तात्पुरत्या फाइली साफ करा. त्यांनी केल्या. जागा पुरेशी झाली नाही. दुपारी त्या जेवायला घरी गेल्या. मी भाकरीचा डबा उघडून बसलो आणि सगळ्यात मोठं फोल्डर कुठलं ते बघितलं. ओव्यांचं. मी मनाशी म्हटलं, काम ताई करतायत, त्यांची प्रत त्यांच्याकडं आहे. माझ्याकडची कशाला ठेवू? आपलं पुसावं, दुसऱ्याचं ठेवावं.

कॉम्प्युटरनं विचारलं, हे कायमचं पुसायचं का? मी ‘होय’ दाबलं. हिरवी पट्टी पुढं सरकत गेली आणि तोवर माझी अर्धी भाकरी खाऊन झाली.

ताई परत आल्या, आत बसल्या, आणि थोड्या वेळानं काचेतून त्यांचा आवाज आला.

“काका, इकडं या जरा.”

त्यांच्या स्क्रीनवर ओव्यांचं काम उघडं होतं आणि त्यातला प्रत्येक तुकडा लाल झाला होता. फाइल सापडत नाही. फाइल सापडत नाही. वरपासून खालपर्यंत.

मी लगेच बोललो. विचार करायच्या आधी तोंडातून निघालं. “सकाळी तुम्ही साफसफाई केली ना?”

त्या क्षणी मला खरं काय ते कळलं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. मला कळलं होतं. लाल तुकडे बघताक्षणीच. कळूनच बोललो.

ताईंचा चेहरा पडला. त्या खुर्चीत मागं टेकल्या आणि स्वतःच्या उजव्या हाताकडं बघायला लागल्या. “मी फक्त तात्पुरत्याच… मला वाटतंय मी फक्त तात्पुरत्याच निवडल्या होत्या.”

“होतं असं,” मी म्हणालो.

मी तंत्रज्ञाला फोन लावला. तो म्हणाला, “डबा पहिला बंद करा. त्याच्यावर नवीन काय बी टाकू नका. पुण्याला माझ्या ओळखीचे आहेत, पुसलेलं काढून देतात. सगळं नाही, पण बरंच निघंल. आणि कुठल्या कॉम्प्युटरवरनं कधी पुसलं त्याची नोंद डब्यात असती. मी उद्या येऊन काढून देतो, म्हंजे पुढं काळजी घ्यायला बरं.”

मी म्हणालो, “नोंदबिंद नको. घरातली गोष्ट आहे.”

दुसऱ्या दिवशी ताई यायच्या आधी मीच पासवर्डची चिठ्ठी शोधून डब्याची नोंद उघडली. माझ्या कॉम्प्युटरचं नाव. दुपारी एक अठरा. फोल्डरचं नाव. मी सवयीनं प्रिंट काढली. वाचली, चार घड्या घातल्या आणि जुन्या कॅमेऱ्याच्या बॅगेत आतल्या कप्प्यात ठेवली. फाडायचा विचार आला, हात झाला नाही.

आणि डबा मी पाठवला नाही. डबा पुण्याला गेला असता तर काम करणाऱ्यांनी नोंद बघितली असती. तिथं कुणीतरी तंत्रज्ञाला बोललं असतं, तो ताईंना बोलला असता. लग्नसराई आहे, डबा बंद ठेवून चालणार नाही, असं मी ताईंना सांगितलं आणि त्याच दुपारी पुसेसावळीचं एक लग्न त्यावर उतरवलं. मग दुसरं, मग तिसरं. ओव्यांच्या जागेवर मी माझ्या हातानं वराती चढवल्या. पुसलं ती चूक होती. डबा न पाठवणं ही चूक नव्हती. ते मी ठरवून केलं.

डाळिंबवाला आला तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं होती. ताई स्वतः पुढं झाल्या आणि म्हणाल्या, माझ्या हातून झालं. तो म्हणाला, “बाई, अर्धांगानं बाचं निम्मं नेलं हुतं. निम्मं तुमी नेलंसा.”

ताई रडल्या. मी मध्ये पडलो. मोठ्यानं, चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणालो, “जाऊ द्या. माणसाच्या हातून होतं. मी त्यांना माफ केलंय, तुम्हीही करा.” ताई सगळ्यांसमोर माझ्या पाया पडल्या. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

हा तो हात. स्मरणिकेत ज्याचं कौतुक छापायचं होतं तो.

म्हातारा त्याच थंडीत गेला. गोष्ट तालुकाभर झाली, माझ्या मोठ्या मनासकट. ताईंनी महिन्याभरात काम सोडलं. दुसऱ्या दोन दुकानांत गेल्या, तिथं त्यांना कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही, अल्बम चिकटवायला बसवलं. शेवटी त्या माधवनगरला माहेरी गेल्या. नवरा निवृत्त होऊन तिकडंच आला.

प्रिंट बॅगेतच होती. बॅग मी मुलालाही हलवू देत नसे. मुलगा, आता दुकान तोच बघतो, म्हणायचा, “त्या जुन्या बॅगेत काय सोनं आहे का?”

अध्यक्षांचा फोन ठेवला त्याच दिवशी मी बॅग उघडली आणि कागद मुलापुढं ठेवला. त्यानं वाचला. पुन्हा वाचला.

“हे मला का दाखवताय?”

“मी माधवनगरला चाललोय. तुला आधी कळावं.”

“बाबा, दुकानावर पाटी तुमच्या नावाची आहे. गिऱ्हाइकं काय म्हणतील? ज्या दुकानाचा मालकच…”

“बोल की. पुसतो आणि दुसऱ्यावर ढकलतो. तेच म्हणतील, आणि बरोबर म्हणतील.”

“तुमचं वय झालंय. आता ह्याचा त्रास मला होणार.”

हे खरं होतं. मी त्याला म्हणालो, तुला त्रास होईल, त्याबद्दल तुझी माफी मागतो. पण जाणार.

विटा, तासगाव करत एसटी माधवनगरला गेली. घर शोधायला वेळ लागला नाही, दारावर ‘व्हिडिओ एडिटिंग करून मिळेल’ अशी पाटी होती. ताईंनी दार उघडलं. केस पांढरे झाले होते. “काका? या. अचानक?”

पुढच्या खोलीत दोन कॉम्प्युटर होते. एकावर कुणाच्या तरी शोरूमची जाहिरात. मी बसायच्या आधीच कागद पुढं केला, कारण बसलो असतो तर चहा आला असता आणि चहा पिऊन मला बोलता आलं नसतं.

त्यांनी तो उभ्यानंच वाचला. चष्मा लावून परत वाचला.

“एक अठरा,” त्या म्हणाल्या. “एक वाजता मी सासूबाईंना इन्सुलिन टोचायला घरी जायचे. रोज. दोनच्या आत कधी आले नाही.”

“हो.”

“काका, सहा वर्षं मी ती सकाळ आठवतेय. माउस दिसतो, माझा हात दिसतो. कुठलं फोल्डर निवडलं ते दिसत नाही. अजून एखादी फाइल पुसायची झाली तर नवऱ्याला हाक मारते. म्हणते, वाचून दाखव, काय लिहिलंय, मी बरोबर पुसतेय का. तो हसतो. फौजेत होता, म्हणतो बंदूक चालवायला एवढं भ्यालो नाही.”

मी अजून उभाच होतो.

“आणि मी तुमच्या पाया पडले होते.”

“हो.”

“तुम्ही हात ठेवलात डोक्यावर.”

“हो.”

मग त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी अगदी कामाच्या आवाजात विचारलं, “डबा पुण्याला का पाठवला नाही? मी तेव्हा दोनदा म्हटलं होतं. तुम्ही सराईचं कारण दिलं.”

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. फक्त पुसल्याचं सांगून परत यायचं ठरवलं होतं मी. पण ताई धंद्यातल्या आहेत. कुठं बोट ठेवायचं ते त्यांना माहीत होतं.

मी सांगितलं. नोंद कुणी बघू नये म्हणून पाठवला नाही, आणि वर लग्नं उतरवत गेलो.

ताई उठल्या. मला वाटलं दार दाखवतील. त्या खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. “म्हणजे निघालं असतं.”

“बरंच निघालं असतं.”

“हे लिहा,” त्या म्हणाल्या. “पुसल्याचं नंतर लिहा, हे आधी लिहा. मला तोंडी माफी देऊ नका काका. तोंडी माफी मी कुणाला दाखवू? सांगलीतले स्टुडिओवाले मला काम देतात, पण त्यांच्या दुकानात, त्यांच्या डोळ्यांसमोर. ओरिजिनल माझ्या घरी येत नाही, ही जाहिरातसुद्धा कॉपीवरची. का, ते मला त्यांनी सांगितलंय. मला कागद पाहिजे. छापलेला. त्यांच्या टेबलावर टाकता येईल असा.”

“देतो.”

“आणि तो डबा मला द्या.”

“आता त्यातून ओव्या निघायच्या नाहीत ताई.”

“माहितेय. पण म्हातारा लोकांच्या लग्नात गायचा ना? माण तालुक्याकडची किती लग्नं केली आपण? सगळी त्या डब्यात आहेत. कुठंतरी मांडवाच्या कोपऱ्यात असेल तो. मी शोधणार आहे.” मग एकदम तीक्ष्णपणे म्हणाल्या, “आणि तुम्ही येणार आहात. कुठलं लग्न कुठल्या वाडीतलं ते तुमच्याशिवाय कुणाला सांगता यायचं नाही.”

चहा त्यांनी दिला नाही. बरोबर केलं.

अध्यक्षांनी स्मरणिकेतलं ते दुसरं पानच काढून टाकलं. माझी दुरुस्ती छापली नाही. म्हणून मी दुकानात शंभर प्रती काढल्या. एका बाजूला माझी हकिगत, ताईंनी सांगितलं त्या क्रमानं. दुसऱ्या बाजूला डब्याची नोंद. समारंभाच्या दिवशी सकाळी लवकर साताऱ्याला गेलो आणि हॉलमधल्या प्रत्येक खुर्चीवर एक एक कागद ठेवला. अध्यक्ष हार घेऊन आत आले.

“काका, हे काय?”

“माझ्यावरचं दुसरं पान.”

“अहो, आज तुमचा सत्कार आहे! स्वतःच्या सत्कारात कुणी असं करतं का?”

“मी करतोय.”

शाल मी घेतली नाही. नारळ मात्र निवेदकानं नाव पुकारता पुकारता हातात कोंबला, तो परत कसा देतात ते मला कळलं नाही. लोकांनी कागद वाचला का? काहींनी वाचला. उकडत होतं, काहींनी त्यानं वारा घेतला. एक जुना मित्र माझ्याशी न बोलता निघून गेला. म्हसवडच्या एका फोटोग्राफरनं ताईंचा नंबर मागितला. बाकीचे जेवायला गेले.

पण सांगलीच्या स्टुडिओवाल्यांनाही प्रती पोचल्या, कारण त्या मी पोस्टानं पाठवल्या. आणि ताईंना त्यांच्या दहा.

डाळिंबवाल्याकडं मी स्वतः गेलो. त्यानं बागेत उभ्या उभ्या वाचलं आणि कागद गुडघ्यावर आपटला. “त्या बाईला मी काय काय बोललो! सगळ्या दुकानाम्होरं! आन तुमी तितं हुबं हुता.”

“होतो.”

“कुटं ऱ्हाती ती? उद्याच जातो.” पत्ता लिहून घेतला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, “आवं, म्हातारं मानूस हायसा, लांबनं आलाय. तुमाला च्या पाजतो. पर माफ न्हाई करत.”

“करू नका,” मी म्हणालो. चहा प्यायलो. गोड होता.

डबा न्यायच्या दिवशी मुलगा दारात आडवा आला. त्याच्याकडं नवीन डबा आहे, जुना नुसता पडून होता, तरी म्हणाला, “लोकांची लग्नं आहेत त्यात. अशी कुणाच्या घरी देता?”

“ज्या बाईंनी ती लग्नं कापली, त्यांच्याच घरी देतोय.”

तो बाजूला झाला. पटलं म्हणून झाला असं नाही. सराईतली दोन कामं गेली आहेत, तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. मी टॉवेलात गुंडाळलेला डबा मांडीवर घेऊन एसटीत बसलो.

आता मी दर गुरुवारी माधवनगरला जातो. डबा ताईंच्या टेबलाखाली आहे, एक वायर त्यांच्या कॉम्प्युटरला, एक मी बसतो त्या कॉम्प्युटरला. पहिल्या गुरुवारी ताईंनी मला वहीवर एक नाव आणि पासवर्ड लिहून दिला.

“तुमच्यासाठी वेगळं खातं केलंय. सगळं बघता येईल. पुसता काही येणार नाही.”

त्या पाणी आणायला आत गेल्या तेव्हा मी एक फाइल निवडून पुसायचं बटण दाबलं. परवानगी नाही, असं आलं.

“करून बघितलंत ना?” आतून आवाज आला.

“बघितलं.”

“मग लागा कामाला.”

मागच्या गुरुवारी सापडला. दहिवडीकडचं लग्न, मुलीच्या मामाच्या खांद्यामागं अर्धा फेटा आणि उघडं तोंड. बँड इतका मोठा की काही ऐकू येईना. ताईंनी त्यांच्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडली, हेडफोन लावला आणि बँडवाले दम घ्यायला थांबतात ती जागा शोधली. तेवढ्यात म्हाताऱ्याची दीड ओळ आहे. स्वच्छ. आम्ही दोघांनी ती आपापल्या स्क्रीनवर ऐकली. मग पुन्हा ऐकली.

ताईंनी वहीत वेळ आणि गाव लिहिलं. तो तुकडा डाळिंबवाल्याला पाठवला. हेडफोन काढला नाही. स्क्रीनवरची नजर न हलवता विचारलं, “पुढचं लग्न कुठलं?”

मी फोल्डर उघडून गाव सांगितलं.